चावी कुणाकडे?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. चाकण, म्हाळुंगे, निघोजे या पट्ट्यातल्या कारखान्यांत दुसरी पाळी सुटायची होती आणि रात्रपाळीवाले डबा भरून निघण्याच्या तयारीत होते. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅप थिजले. पाठवलेल्या निरोपापुढची घड्याळाची खूण काही केल्या जाईना. फेसबुक उघडेना, इन्स्टाग्रामवर चाक नुसते फिरत राहिले. कोणी फोन बंद करून पुन्हा चालू केला, कोणी रिचार्ज संपला का ते पाहिले. बिघाड कोणाच्याच फोनमध्ये नव्हता. तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या होत्या आणि त्या जगभर एकाच वेळी बंद पडल्या होत्या. त्या पूर्ववत व्हायला जवळजवळ सहा तास लागले. इथल्या घड्याळात तेव्हा पहाट व्हायला आली होती.

कंपनीने पुढे कारण जाहीर केले. तिच्या डेटा सेंटर्सना जोडणाऱ्या जाळ्याच्या देखभालीचे नेहमीचे काम चालू होते. त्यात दिल्या गेलेल्या एका आज्ञेने सगळे जोड एकदम तुटले. चुकीची आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी ठेवलेली होती, तिच्यातच दोष निघाला. मग कंपनीचे नाव-पत्ते सांगणारे सर्व्हर इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसे झाले. दुरुस्तीसाठी धावलेल्या इंजिनिअरांना यंत्रांपर्यंत पोचायलाही वेळ लागला, कारण आतली साधने त्याच जाळ्यावर अवलंबून होती.

मेंटेनन्स खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटणार नाही. शटडाऊनच्या कामात एक व्हॉल्व्ह चुकतो आणि अख्खी लाइन उभी राहते. पण आपल्या कारखान्यात ब्रेकडाऊन झाला तर पाना स्टोअरमध्ये असतो, फिटरचे नाव ठाऊक असते आणि सुपरवायझरला जाब विचारता येतो. त्या रात्री पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या लाखो लोकांना काय बिघडले हे कळत नव्हते आणि विचारायचे कुणाला हेही माहीत नव्हते. आपल्या बोलण्याची जागाच आपली नाही, हे एरवी जाणवत नाही. ती जागा बंद पडली की जाणवते.

हा पट्टा पूर्वी कसा बोलायचा? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात बजाज आणि टेल्को उभ्या राहिल्या आणि पुणे-मुंबई रस्त्यालगतची गावे कामगारनगरी झाली. त्या नगरीची बोलण्याची साधने साधी होती: गेट मीटिंग, कँटीनचे टेबल, युनियनच्या ऑफिसबाहेरचा फळा आणि बसमध्ये हातोहात फिरणारे पत्रक. १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केले, तेव्हाही निरोप याच वाटांनी गेले. फळा युनियनचा होता, खडू युनियनचा होता आणि कोणी काय लिहिले हे सगळ्यांना दिसत होते. पुसायचे असेल तर समोर येऊन पुसावे लागे.

२०१३ मध्ये चाकणच्या बजाज ऑटोमध्ये पन्नास दिवस संप चालला. त्यातली एक मागणी लक्षात राहण्यासारखी होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने मिळावेत. ती मान्य झाली नाही. तरी पगारवाढीपलीकडे जाऊन मालकीत वाटा मागण्याची भाषा या पट्ट्याने तेव्हा बोलून दाखवली होती. बोलण्याच्या जागेबाबत मात्र ती भाषा अजून कोणी वापरलेली नाही.

आज फळ्याची जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने घेतली आहे. पाळी बदलली, बसचा थांबा हलला, कुठे हेल्पर हवेत, कुरुळीत खोली भाड्याने आहे, सोसायटीत टँकर आला, शाळेला सुट्टी आहे, गावाकडे कोणी वारले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या माणसाचा या परक्या मुलखातला पहिला आधार म्हणजे त्याच्या तालुक्यातल्या पोरांचा ग्रुप. ही सोय खरी आहे आणि तिची किंमत कमी करण्याचे कारण नाही. पण ग्रुपमध्ये किती माणसे असावीत हे कोण ठरवते? आधी २५६ ही मर्यादा होती, २०२२ मध्ये ती ५१२ झाली आणि त्याच वर्षी १०२४. दोन्ही वेळा निर्णय कॅलिफोर्नियात झाला. एखादा निरोप किती जणांना पुढे पाठवता यावा हेही तिथेच ठरते.

हा दुसरा निर्णय आला त्याला महाराष्ट्रातही रक्त सांडल्याची पार्श्वभूमी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. देशभरात त्या काळात अशा अनेक हत्या झाल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मर्यादा योग्यच होती. ती यायला माणसे मरावी लागली, कारण अफवा मराठीत आणि अहिराणीत फिरत असताना ती वाचू शकणारा, ओळखू शकणारा आणि थांबवू शकणारा कोणी त्या यंत्रणेच्या चावीपाशी बसलेला नव्हता.

चावी दूर असली की कुलूपही कधी लागेल सांगता येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कलाकारांचा प्रेक्षक एका रात्रीत हरवला. यावर स्वदेशी हा उपाय आहे असे तेव्हा अनेकांना वाटले. बंगळुरूच्या ‘कू’ने मराठीसह अनेक भारतीय भाषांत मांडणी करून चांगली सुरुवात केली होती. पैसा आटला आणि जुलै २०२४ मध्ये तेही बंद पडले. दुकान भारतीय होते, पण शटर ओढण्याचा अधिकार एकाच हातात होता. ते ओढले गेल्यावर माणसांनी जमवलेल्या ओळखी दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती.

मराठी माणसाने इंटरनेटवर स्वतःचे घर बांधले नव्हते असे मात्र नाही. उलट या बाबतीत आपण लवकर जागे झालेले लोक आहोत. नव्वदच्या दशकात, अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी मराठी मुले युजनेटवर ‘सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ या नावाच्या चर्चागटात लिहीत. युजनेटला एक मालक नव्हता. प्रत्येक विद्यापीठाचा आपला सर्व्हर असे आणि ते सर्व्हर एकमेकांना मजकूर देत-घेत. रोमन लिपीत पुरणपोळीची कृती, निवडणुकीवरचे वाद आणि नाटकाच्या आठवणी या वाटेने एका खंडातून दुसऱ्या खंडात जात. आज ज्याला विकेंद्रित जाळे म्हणतात, त्यात मराठी तेव्हाच वाहत होती.

१६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेश चतुर्थीला, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केली. युनिकोड देवनागरी घरोघर पोचलेली नव्हती, तेव्हापासून तिथे मराठीत लिहिण्याची सोय करण्याची धडपड होती. गप्पांच्या विभागाचे ‘हितगुज’ हे नाव आणि तिथला ऑनलाइन गणेशोत्सव जगभरच्या मराठी घरांत पोचला. पुढे महेश वेलणकर यांचे ‘मनोगत’ आले. त्यांनी शुद्धलेखन तपासण्याची सोय स्वतः बांधून तिथे बसवली. २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि तात्या अभ्यंकरांची ‘मिसळपाव’ सुरू झाली, २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. कोणतीही मोठी कंपनी मागे नसताना, भाड्याच्या सर्व्हरवर, मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने आणि नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ही घरे चालली. ऑर्कुट गेले आणि याहू ग्रुप्सही गेले. मायबोली टिकली. मराठीच्या इतिहासात या कामाची नोंद जितकी ठळक व्हायला हवी तितकी अजून झालेली नाही.

मिसळपावचा जन्म एका नाराजीतून झाला हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आधीच्या घरातली संपादनाची शिस्त काहींना जाचत होती, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. हा अधिकार मोलाचा आहे. घरमालकाशी पटले नाही तर स्वतःचे घर बांधता आले पाहिजे. उणीव एकच राहिली. या घरांमध्ये गल्ली नव्हती. मायबोलीवरच्या माणसाला मिसळपाववरच्या लेखावर बोलायचे तर नवे नाव नोंदवा, नवा पासवर्ड ठेवा आणि पुन्हा शून्यापासून ओळखी करा. वेगळे होण्याची किंमत म्हणून जुन्या शेजाऱ्यांशी बोलणे सोडावे लागे. म्हणून फेसबुक आले तेव्हा अनेकजण एकेक करून तिकडे गेले. तिथे एका दारातून सगळे भेटत होते.

ही गल्ली बांधण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ नावाची पद्धत अधिकृत केली. ती कशी चालते हे समजायला या पट्ट्यातल्या माणसाला लांब जायची गरज नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी निगडीवरून येते आणि आकुर्डीला मुक्काम करते. तिच्यात शेकडो दिंड्या असतात. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, चोपदार वेगळा, स्वयंपाकाचा ट्रक वेगळा, भिशी वेगळी. कोणाला दिंडीत घ्यायचे, कुठे जेवण होणार, कोण पंगत वाढणार, हे दिंडीवाले ठरवतात. तरी क्रम ठरलेला असतो, खुणा ठरलेल्या असतात आणि पालखीच्या चोपदाराने दंड उंचावला की सगळ्या दिंड्या शांत होतात. एका दिंडीतला माणूस दुसऱ्या दिंडीतल्या गाववाल्याला सहज भेटून येतो. एखादी दिंडी एखाद्या वर्षी आली नाही म्हणून वारी थांबत नाही.

अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये प्रत्येक सर्व्हर ही दिंडी. भोसरीतल्या सर्व्हरवरच्या माणसाने काही लिहिले की तो सर्व्हर, त्या माणसाला वाचणारे ज्या-ज्या सर्व्हरवर आहेत, त्यांच्या टपालपेटीत त्याची प्रत टाकतो. प्रतीवर सही असते. ती खरी आहे का हे समोरचा सर्व्हर तपासून घेतो. माणसाचा पत्ता ईमेलसारखा: आधी नाव, मग घर. ईमेलमध्ये जीमेलवाला रेडिफवाल्याला पत्र पाठवतो, याचे आपल्याला आज नवल वाटत नाही. फेसबुकवाला मात्र दुसरीकडे राहणाऱ्याला पत्र टाकू शकत नाही, याचे नवल वाटायला हवे होते, तेही आपण सोडून दिले.

याच पद्धतीवर चालणारे सगळ्यांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे मास्टोडॉन. ऑयगेन रोख्को या जर्मन तरुणाने ते २०१६ मध्ये लोकांपुढे आणले. भारतात त्याचे नाव झाले नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. त्याआधी आक्षेप घेतला गेला होता तो त्यांनी लावलेल्या एका छायाचित्रावर. १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या जहाजबांधणी कारखान्यात सगळे कामगार नाझी सलाम ठोकत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एक कामगार त्यात दिसतो. ऑगस्ट लांडमेसर म्हणून तो ओळखला जातो. हुकूमशाहीला नकार देणाऱ्या कामगाराचे चित्र द्वेष पसरवणारे ठरले, आणि ठरवणाऱ्याला ते चित्र काय आहे हे कळले नाही. संतापून हजारो भारतीय मास्टोडॉनवर गेले. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर घेतल्यावर त्याहून मोठी लाट आली. मास्टोडॉन महिन्याला वापरणारे सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांपर्यंत गेले.

मग बरेचजण परतले. याचे कारण प्रामाणिकपणे पाहायला हवे. लोक रागाने गेले होते आणि राग काही दिवसांत उतरतो. तिथे ओळखीचे कोणी नव्हते, मराठीत लिहिणारे शोधावे लागत आणि कोणता सर्व्हर निवडायचा या पहिल्याच प्रश्नाशी अनेकजण अडले. वापरकर्त्याचे नाव देवनागरीत ठेवता येत नाही. मास्टोडॉन तिथे फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेघ (अंडरस्कोर) घेतो. वर दिसणारे नाव तेवढे मराठीत लिहिता येते. पडद्यावरच्या शब्दांचा मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केला आहे, त्यात भर घालायला वाव आहे. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मंडळी एकेकटी गेली. गाव सोडताना कोणी एकट्याने जात नाही, चाकणला आलेला माणूसही आधी आलेल्या भावकीच्या खोलीवर उतरतो. नवे जाळे बांधायचे तर आधीपासून एकत्र असलेल्या माणसांनी मिळून बांधायला हवे.

अशी एकत्र असलेली माणसे या पट्ट्यात जागोजागी आहेत. कंपनीतल्या कामगारांच्या पतसंस्था, कामगार संघटना, प्राधिकरणातल्या आणि मोशी-चिखलीतल्या गृहनिर्माण संस्था, भजनी मंडळे, तालुक्यांची मित्रमंडळे. यांच्यापैकी एकाने स्वतःचा सर्व्हर चालवायचा म्हटले तर काय लागेल?

यंत्र फार लागत नाही. शे-दोनशे माणसांच्या मास्टोडॉनला चार जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर पुरतो आणि त्याचे महिन्याचे भाडे हजार-दोन हजार रुपयांच्या घरात असते. ‘गोटूसोशल’ नावाचे सॉफ्टवेअर त्याहून हलके आहे, ते हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय संगणकावरही चालते. नुसत्या निरोपांसाठी एक्सएमपीपी ही जुनी पद्धत आहे. १९९९ मध्ये ती ‘जॅबर’ नावाने पुढे आली. व्हॉट्सअ‍ॅपने आपली यंत्रणा उभारताना तिच्यातूनच घेतले, पण बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्याचे दार ठेवले नाही. गुगल टॉकने २००६ मध्ये ते दार उघडे ठेवले होते आणि २०१३ पासून तेही बंद होत गेले. पद्धत खुली असूनही दारे कशी लावली जातात, हे या दोन उदाहरणांतून शिकण्यासारखे आहे.

सर्व्हर घरात किंवा ऑफिसात ठेवायचा तर दोन अडचणी लगेच येतात. पहिली पत्त्याची. बहुतेक इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत येऊ शकत नाही. चाळीतल्या वीस खोल्यांना मिळून एकच टपालपेटी असावी आणि पोस्टमनला खोली क्रमांक सांगायची सोय नसावी, तसे हे आहे. मग जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा लागतो किंवा नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे पत्ते वापरावे लागतात. त्या नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, ही आपल्याकडची जमेची बाजू.

दुसरी अडचण गुरुवारची. पिंपरी-चिंचवड, भोसरी परिसरात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीज कंपनी देखभालीची कामे त्याच दिवशी काढते. गुरुवारी वीज जाणार हे इथल्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही पाठ असते. सर्व्हरला इन्व्हर्टर लावला तरी इमारतीतला इंटरनेटवाल्याचा डबा बंद पडतो. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये याची सोय आहे: तुमचा सर्व्हर उत्तर देईना तर समोरचे सर्व्हर काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि तुम्ही परत आलात की साठलेले टपाल देतात. काही तासांच्या अंधाराने जाळे तुटत नाही. तरीही ज्याला रोज भरवसा हवा त्याने डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर घ्यावा आणि घरातल्या यंत्रावर बॅकअप ठेवावा. चावी आपल्याकडे असणे महत्त्वाचे, यंत्र कोणत्या छताखाली आहे ते नंतर.

खरे काम सर्व्हर चालू झाल्यावर सुरू होते. दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेली चित्रे आणि व्हिडिओ साठत जातात आणि डिस्क भरते. ती ठरावीक दिवसांनी साफ करावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची भोके सापडतात, ती त्याच आठवड्यात बुजवावी लागतात. डेटाबेसचा बॅकअप रोज घ्यावा लागतो आणि तो खरोखर परत उभा राहतो का, हे अधूनमधून उभा करून पाहावे लागते. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा तक्ता भिंतीवर लावून, तेलपाण्यापासून बेअरिंगपर्यंत प्रत्येक खुणेपुढे सही करण्याची शिस्त या पट्ट्यातल्या हजारो हातांना आहे. सर्व्हरला तीच शिस्त लागते. लिनक्सची आज्ञा लिहिणारे पुण्यात आणि हिंजवडीत पुष्कळ आहेत. मोफत ‘लोहित’ देवनागरी अक्षरे रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूने वर्षानुवर्षे सांभाळली, लिनक्स वापरणाऱ्यांचा पुण्यातला गटही जुना आहे. कौशल्याची वाण नाही.

त्याहून अवघड काम माणसांचे आहे. सर्व्हरवर कोणी शिवीगाळ केली, कोणी अफवा टाकली, कोणी एखाद्या मुलीचा फोटो तिच्या परवानगीशिवाय लावला, तर निर्णय कोण घेणार? मोठ्या कंपनीत तो दूर कुठेतरी होतो. इथे तो तुमच्याच संस्थेतल्या, बहुतेकांना तोंडओळख असलेल्या माणसाला घ्यायचा असतो. याचा फायदा आहे. त्याला भाषा कळते, टोमणा कळतो, जातीवाचक शब्द कोणत्या वेशात येतो ते कळते. राईनपाड्याच्या अफवेसारखे काही दिसले तर तो त्या माणसाला फोन करू शकतो. याचा तोटाही आहे. नात्यागोत्याच्या दबावाने तो गप्प बसू शकतो किंवा पदाधिकाऱ्यांवर टीका करणाऱ्याचे खाते उडवू शकतो. विकेंद्रित जाळे आपोआप चांगले होते असे मानणे भोळेपणाचे आहे. लहान घरातही हुकूमशहा बसू शकतो. फरक इतकाच की इथे निघून जाता येते. मास्टोडॉनमध्ये खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर वाचणारे सोबत येतात. जुने लिखाण मात्र येत नाही, ते आपण उतरवून घ्यायचे.

कायदा लहानांनाही सोडत नाही. २५ फेब्रुवारी २०२१ ला जाहीर झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली सर्वांत कडक बंधने ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांसाठी आहेत. पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढणे हे लहान सर्व्हरलाही लागू आहे. संगणक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार घुसखोरीसारख्या घटना सहा तासांत कळवायच्या आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देत १४ निरोप-अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांत ‘एलिमेंट’ होते, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या ‘मॅट्रिक्स’ जाळ्याचे एक दार. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या लोकांनी केरळ उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. हे सगळे वाचून घाबरण्याची गरज नाही, पण गच्चीवर मांडव घालण्याइतके हे सोपे नाही याची जाण ठेवूनच काम हाती घ्यायला हवे.

परदेशातल्या ठेचाही उपयोगी पडतील. मे २०२३ मध्ये अमेरिकेत ‘कोलेक्टिव्हा’ या मास्टोडॉन सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरावर भलत्याच प्रकरणात छापा पडला आणि घरात असलेली डेटाबेसची प्रत पोलिसांच्या हाती गेली. ती कुलूपबंद केलेली नव्हती. हजारो लोकांची माहिती एका माणसाच्या खोलीत उघडी पडली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘क्विअर डॉट एएफ’ या सर्व्हरचे नावच गेले. एएफ हा अफगाणिस्तानचा पत्ता, आणि तो तालिबानच्या हातात. दिसायला छान म्हणून दुसऱ्या देशाचा पत्ता घेण्याचा हा परिणाम. आपल्याकडे २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ता मिळतो, त्याचाही विचार करता येईल. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने काढलेला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. म्हणजे संस्था मोठी असली तरी तिचे मुख्य काम वेगळे असेल तर सर्व्हर अडगळीत जातो.

एकट्याच्या खांद्यावर चालणारे सर्व्हर तो माणूस थकला की बंद होतात, हा या क्षेत्रातला सर्वांत नेहमीचा अनुभव आहे. नोकरी बदलते, मूल होते, आजारपण येते. त्यावर जगात जे उत्तर शोधले जात आहे ते महाराष्ट्राला शंभर वर्षे परिचित आहे. २०१७ पासून चालू असलेला ‘सोशल डॉट कोऑप’ हा मास्टोडॉन सर्व्हर सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद वर्गणी देतात, नियम मतदानाने ठरवतात, हिशेब सगळ्यांना दिसतो. भारतात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ‘पोडरी’ नावाने ‘डायस्पोरा’ या समाजमाध्यमाचे आणि निरोपांचे सर्व्हर वर्गणी आणि श्रमदानावर वर्षानुवर्षे चालवले. त्याच मंडळींतून ‘प्राव’ हा उपक्रम निघाला. मल्याळममध्ये प्राव म्हणजे कबूतर. फोन नंबरवर चालणारे, तरीही इतर एक्सएमपीपी सर्व्हरांशी बोलणारे निरोपांचे अ‍ॅप, आणि त्याची मालकी वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे, अशी ती कल्पना. अनेक राज्यांत काम करणारी सहकारी संस्था नोंदवायची तर २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्यातून किमान ५० व्यक्ती लागतात. एका राज्यापुरती संस्था त्याहून सोपी: महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यात वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा व्यक्ती पुरतात.

पण नवी संस्था काढण्याचीही गरज नाही. पतसंस्थेकडे सभासदांची यादी असते, निवडलेले संचालक मंडळ असते, दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारण्याची पद्धत असते. सोशल मीडियाच्या कोणत्याही कंपनीत वापरणाऱ्याला यातले एकही मिळत नाही. दोनशे सभासदांनी महिन्याला दहा-दहा रुपये दिले तर सर्व्हरचे भाडे निघते. त्यात पाळीचे वेळापत्रक, खोल्यांची माहिती, खात्री केलेल्या नोकरीच्या जागा, वधू-वर, रक्तगट, गावाकडच्या गाड्या या गोष्टी ठेवता येतील. फसव्या नोकरीच्या जाहिरातींनी गावाकडून आलेल्या पोरांचे पैसे जातात. ज्या जाळ्यावर लिहिणारा प्रत्येकजण संस्थेचा सभासद आहे, तिथे फसवणाऱ्याला पाय ठेवायला जागा कमी. व्हॉट्सअ‍ॅप लगेच सोडायची गरज नाही. फळा आपला असावा आणि त्यावर लिहिलेले हवे तर तिकडे पाठवावे, हा क्रम पुरे.

या पट्ट्यात श्रमिक एकता महासंघासारखा कारखान्या-कारखान्यांतल्या स्वतंत्र संघटनांचा महासंघ उभा राहिला. प्रत्येक संघटनेची आपली घटना, आपला करार, आपले पदाधिकारी, आणि गरज पडली की सगळ्या एकत्र. कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयाच्या हुकमाशिवाय वेगळे राहून जोडलेले असणे इथल्या कामगाराने करून पाहिलेले आहे. संगणकाच्या भाषेत आज त्यालाच फेडरेशन म्हणतात, शब्दही तोच. चावी स्वतःकडे घेण्याची तयारी या जमिनीत आहे, सुरुवात कोणीतरी करायची आहे.

ज्या पतसंस्थेला, सोसायटीला किंवा मंडळाला हे करून पाहायचे असेल, त्यांनी पन्नास माणसांपासून सुरुवात करावी आणि पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात यंत्राच्या किमतीआधी दोन नावे लिहावीत: सर्व्हर कोण सांभाळणार, आणि तो दिवाळीला गावी गेला तर कोण.